तुर्किक भाषांमधलं वासरू: मूळ शब्द पायरीपायरीने कसा काढायचा

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला आपापले तक्ते दाखवले. विषय तोच, तुर्किक भाषांमधला प्राण्याचा एखादा शब्द घ्यायचा आणि त्याचं मूळ रूप काढायचं, आणि चूकही जवळपास तीच. सुरुवात तुर्कस्तानच्या तुर्कीपासून, मग दिसायला सारखे शब्द गोळा करायचे, आणि शेवटी त्यातल्या सगळ्यात लांब शब्दापुढे तारा (*, म्हणजे ‘हे लिहिलेलं सापडलेलं नाही, आपण काढलंय’ अशी खूण) ठोकायचा, झालं मूळ रूप तयार. असं नसतं हो ते. म्हणून एकच शब्द घेऊन सगळं काम इथे करून दाखवतो, शब्द आहे ‘वासरू’. हाच का, तर यात बहुतेक सगळे खड्डे एकाच ठिकाणी सापडतात.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. ‘तुर्की’ म्हणजे तुर्कस्तानात बोलतात ती एक भाषा आणि ‘तुर्किक’ म्हणजे अख्खं कुटुंब, कझाक, उझबेक, तातार, याकूत, चुवाश सगळं त्यात आलं. दुसरं, देवनागरीत हे उच्चार अंदाजेच उतरतात, आणि इथला ‘ज’ सगळीकडे ‘जास्त’मधला वाचायचा, ‘जीव’मधला नाही.

तयारी: आधी घरातल्या घरात सराव

परक्या भाषेला हात लावायच्या आधी मराठी ‘वासरू’ आणि हिंदी ‘बछडा’ शेजारी लिहा. दिसायला काही नातं वाटतं? नाही. पण दोन्ही संस्कृत ‘वत्स’च्या घरातले. आपला ‘व’ तिकडे ‘ब’ होतो, वाघ-बाघ, वीस-बीस. आपला ‘स’ तिकडे ‘छ’ होतो, मासा-मछली. म्हणजे एका शब्दात जे दिसलं ते दुसऱ्या शब्दात परत दिसतं, आणि नातं सिद्ध होतं ते या परत दिसण्यातून, सारखेपणातून नाही.

आता लगेच ‘माशी’ घेऊन बघा, हिंदीत ‘मक्खी’. इथे ‘छ’ नाही आला, कारण मूळ ‘मक्षिका’, तिथे ‘त्स’ नव्हताच, ‘क्ष’ होता. म्हणजे जोडी वेगळी पडली की मूळ आवाज वेगळा असण्याची शक्यता. हे डोक्यात बसलं असेल तरच पुढे जा, कारण पाचव्या पायरीला नेमकं हेच लागणार आहे.

सामान: एक एक्सेल शीट, कॉलम चार: भाषा, शब्द, नेमका अर्थ, शेरा. शेरा हा कॉलम लोक गाळतात आणि मग सहा महिन्यांनी आपणच लिहिलेलं आपल्याला कळत नाही.

पायरी १: अर्थ पक्का करा

‘वासरू’ म्हणजे नक्की कोणतं? आपल्याकडे वासरू, गोऱ्हा, कालवड, खोंड, म्हशीचं असेल तर पारडू किंवा रेडकू, घरात गुरं असलेल्या माणसाला यातला फरक सांगावा लागत नाही. तिकडचे लोक तर पिढ्यान्‌पिढ्या जनावरं राखणारे, त्यांच्याकडे पण अशीच बारीक वाटणी आहे. तुर्कीत ‘बुजाअ’ म्हणजे दूध पिणारं वासरू आणि जरा मोठं झालं की ‘दाना’. मंगोलियनमधला ‘ब्यारू’ म्हणजे दुसऱ्या वर्षात गेलेलं वासरू. याकूतमध्ये नवजात वासराला वेगळा शब्द आणि मोठं झालेल्याला वेगळा.

म्हणून डिक्शनरीत ‘वासरू’ शोधून जो पहिला शब्द येईल तो उचलला तर अर्ध्या ओळी चुकीच्या भरतात, एकीकडे ‘बुजाअ’चा भाऊ आणि दुसरीकडे ‘दाना’चा. दोन शब्द एकत्र शिजवले की खिचडीच होणार.

चेक: प्रत्येक ओळीत वयाचा उल्लेख आहे का? नसेल तर डिक्शनरी परत उघडा.

पायरी २: तुर्की बाजूला ठेवा, चुवाश आधी लिहा

तुर्कीच्या डिक्शनऱ्या चांगल्या मिळतात, सिरीयल बघून बऱ्याच जणांना चार शब्द येतातही, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. पण तुर्की ही बाकीच्यांची आई नाही, बहीण आहे. कुटुंबात खरी फूट पडलेली आहे ती एका बाजूला चुवाश आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळ्या, अशी. चुवाश रशियात व्होल्गा नदीच्या काठी बोलतात आणि आपल्या फांदीतली ती एकटीच जिवंत राहिलेली भाषा आहे. त्यामुळे तुर्की, कझाक, उझबेक असे वीस शब्द जमवले तरी ती एका फांदीचीच साक्ष झाली, आणि चुवाशचा एक शब्द आला की दुसरी फांदी बोलायला लागते.

चुवाशमध्ये वासरू म्हणजे ‘परु’. त्यातला ‘अ’ अगदी आखूड, निसटता. पहिल्या ओळीत हा लिहा.

सावधान: ‘परु’ आणि ‘बुजाअ’ शेजारी बघून पुष्कळ लोक म्हणतात हे वेगळेच शब्द, आणि चुवाशची ओळ खोडून टाकतात. वासरू-बछडा आठवा आणि ओळ ठेवा.

पायरी ३: बाकीच्या ओळी फांदीप्रमाणे भरा

अकारविल्हे लावू नका. जवळच्या भाषा जवळ ठेवा म्हणजे कुठे काय बदललं ते डोळ्याला दिसतं:

तुर्की – बुजाअ (लिहिताना शेवटच्या स्वराआधी मऊ ‘ग’ असतो, बोलताना तो जवळपास गायब)
अझरबैजानी – बुजोव
कझाक – बुजाउ
तातार – बोजाउ
बश्कीर – बिधाउ (हा ‘ध’ इंग्रजी ‘दिस’मधल्या सुरुवातीच्या आवाजासारखा)
किरगीज – मुजोऽ
उझबेक – बुजोक
उइगुर – मोजाय
तुवा – बिजाऽ
खकास – पिजो
आणि वर चुवाश – परु

याकूत, मंगोलियन, हंगेरियन आत्ता इथे टाकू नका. हात शिवशिवेल, कारण ते शब्द फार आकर्षक दिसतात, पण थांबा, त्यांची पायरी वेगळी आहे.

पायरी ४: एकेक आवाज वेगळा काढा, आणि प्रत्येकाला दुसऱ्या शब्दाचा साक्षीदार लावा

खरं काम इथे आहे आणि लोक नेमकं हेच उडवतात. अख्खा शब्द अख्ख्या शब्दाशी ताडायचा नाही. पहिलं व्यंजन, मधलं व्यंजन, शेपूट आणि स्वर अशा चार वेगळ्या केस करायच्या.

*पहिलं व्यंजन.* बहुतेकांत ‘ब’, चुवाश आणि खकासमध्ये ‘प’, किरगीज आणि उइगुरमध्ये ‘म’. साक्षीला ‘बर्फ’ घ्या. तुर्की ‘बुज’, तातार ‘बोज’, चुवाश ‘पर’, खकास ‘पुस’, किरगीज ‘मुज’, उइगुर ‘मुज’. बघा, चुवाश आणि खकासचा ‘प’ परत आला, किरगीज-उइगुरचा ‘म’ही परत आला. म्हणजे ‘ब’ मूळचा धरायला हरकत नाही.

फक्त एक गंमत आहे, कझाकमध्ये बर्फ ‘मुज’ आणि वासरू मात्र ‘बुजाउ’, उझबेकमध्येही बर्फ ‘मुज’ आणि वासरू ‘बुजोक’. एकाच भाषेत एकदा ‘म’ आणि एकदा ‘ब’! म्हणजे ‘ब’चा ‘म’ होणं हा घड्याळासारखा चालणारा नियम नाही, ती एक ओढ आहे, कुठे लागली कुठे नाही. हे असं दिसलं की लपवायचं नाही, शेऱ्यात लिहायचं. तक्ता फार गुळगुळीत दिसायला लागला तर मला तरी संशय येतो.

*मधलं व्यंजन.* सगळीकडे ‘ज’, बश्कीरमध्ये ‘ध’सारखा, चुवाशमध्ये ‘र’. बश्कीरचं सोपं आहे, तिथे स्वरानंतरचा ‘ज’ असाच होतो, बर्फसुद्धा तिथे ‘बोध’च्या जवळ ऐकू येतं. चुवाशचा ‘र’ मात्र नीट तपासा:

नऊ: तुर्की ‘दोकुज’ – चुवाश ‘तह्हर’
मुलगी: तुर्की ‘किज’ – चुवाश ‘हेर’
हंस-बदकातला काज: तुर्की ‘काज’ – चुवाश ‘हुर’
बर्फ: तुर्की ‘बुज’ – चुवाश ‘पर’

चार झाले. वासरू पाचवं. योगायोग म्हणायची सोय राहिली नाही.

*शेपूट.* कझाक-तातार ‘आउ’, किरगीज ‘ओऽ’, तुर्कीत मऊ ‘ग’ आणि स्वर. साक्षीला ‘डोंगर’: तुर्की ‘दाऽ’ (परत तोच मऊ ‘ग’), कझाक आणि तातार ‘ताउ’, किरगीज ‘तोऽ’, चुवाश ‘तु’. जुळतंय. तंतोतंत तीच परिस्थिती नाही, डोंगराच्या शब्दात ‘ग’पुढे स्वर नव्हता, पण ‘ग’ विरघळून त्याचा ‘उ’ होण्याची चाल दोन्हीकडे तीच. म्हणजे मुळात इथे ‘ग’ होता. उझबेकचा शेवटचा ‘क’ आणि उइगुरचा ‘य’ या रांगेत नीट बसत नाहीत, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. दोन ओळी वाकड्या आहेत म्हणून अकराच्या अकरा ओळी फेकायच्या नसतात.

*स्वर.* तातारचा ‘ओ’ बघून मूळ ‘बो’ धरणारे खूप. तातारमध्ये ‘उ’ आणि ‘ओ’ची अदलाबदल झालेली आहे, तुर्की ‘कुश’ म्हणजे पक्षी तिथे ‘कोश’, आणि तुर्की ‘योल’ म्हणजे रस्ता तिथे ‘युल’. म्हणजे तातारचा ‘बो’ उलट ‘बु’चीच साक्ष देतो.

सावधान: स्वराची लांबी हलक्यात घेऊ नका. तुर्किकमध्ये ‘घोडा’ आणि ‘नाव’ हे शब्द फक्त लांबीने वेगळे होते. याकूतमध्ये अजून घोडा म्हणजे ‘अत’ आणि नाव म्हणजे ‘आत’, कझाकमध्ये दोन्ही एकच होऊन बसलेत. चुवाशमध्ये घोडा ‘उत’ आणि नाव ‘यात’. फक्त कझाक बघून काम करणाऱ्याने घोड्याला नाव आणि नावाला घोडा जोडलेला मी बघितलाय.

चेक: चारही आवाजांना दुसऱ्या शब्दाचा निदान एक साक्षीदार मिळाला का? मधल्या व्यंजनाला तरी तीन हवेत, सगळा शब्द त्याच्यावर उभा आहे.

पायरी ५: ‘ज’ की ‘र’?

आता सगळ्यांना वाटतं की बहुमत घ्यावं. दहा भाषांत ‘ज’, एकीत ‘र’, म्हणून मूळ ‘ज’. असं मतदान इथे चालत नाही, ते दहा जण एकाच फांदीचे, म्हणजे मतं एकास एक.

त्याऐवजी एक प्रश्न विचारा: तुर्कीतही ‘र’ आणि चुवाशमध्येही ‘र’ असे शब्द आहेत का? आहेत. एक: ‘बिर’ – ‘पेर’. आहे: ‘वार’ – ‘पुर’. म्हणजे जोड्या दोन झाल्या, र-र आणि ज-र. मासा-मछली आणि माशी-मक्खी आठवा. जोड्या दोन तर मूळ आवाज दोन. एक साधा ‘र’ आणि दुसरा असा काहीतरी, जो एका फांदीत ‘ज’ झाला आणि दुसरीत ‘र’मध्ये मिसळून गेला.

तो दुसरा आवाज नक्की कसा होता यावर अभ्यासक अजून भांडतात. काहींच्या मते तो एक खास, थोडा मऊ ‘र’ होता, काहींच्या मते सरळ ‘ज’च होता आणि चुवाशच्या पूर्वजांनी त्याचा ‘र’ केला. पुस्तकांत पहिल्या गटाचे लोक ‘र’वर तिरकी खूण देतात, मी इथे त्यासाठी ‘ऱ’ वापरतो, उच्चारासाठी नाही, नुसती खूण म्हणून. तुम्ही कुठलीही बाजू घ्या पण तक्त्यात एकच ठेवा. एका ओळीत ‘ऱ’ आणि पुढच्या ओळीत ‘ज’ असं केलं की वाचणाऱ्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

पायरी ६: उसने शब्द वेगळ्या पानावर

आता ते आकर्षक शब्द काढा. हंगेरियन ‘बोर्यू’, वासरू. जुनं मंगोलियन ‘बिरागू’, त्याचंच आजचं ‘ब्यारू’. याकूत ‘बोरोऽस्कु’.

हंगेरियन ही तुर्किक भाषा नाहीच, ती उरालिक नावाच्या वेगळ्या कुटुंबातली. हंगेरियन लोक इ.स. ८९५ च्या सुमारास आजच्या हंगेरीत उतरले, त्याच्या आधी गवताळ मैदानात चुवाशच्या पूर्वजांसारखी बोली बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले आणि गुराढोरांचे शब्द घेऊन आले. म्हणून त्यांच्याकडे ‘र’. हा शब्द मूळ रूपाच्या मतदानात धरायचा नाही, पण त्याच्यातून एक भारी गोष्ट मिळते, तारीख. ‘र’वालं रूप तेव्हा तोंडात होतं. त्याचा ‘ओ’ मात्र मनावर घेऊ नका, हंगेरियनमध्ये जुना ‘उ’ बऱ्याचदा ‘ओ’ झालाय.

मंगोलियनचा ‘र’ही तसाच, जुन्या तुर्किक बोलीतून उचललेला, असं बहुतेकांचं मत. तुर्किक आणि मंगोलियन एकाच आईची लेकरं असं मानणारेही आहेत, पण त्या वादात नवशिक्याने पडू नये, वासरू राहील बाजूला आणि वर्षं जातील.

याकूतवर मी स्वतः आपटलोय. ‘बोरोऽस्कु’मध्ये ‘र’ दिसला आणि मी खुश, म्हटलं चुवाशला जोडीदार मिळाला, आणि तक्त्यात ठळक करून ठेवला. पण याकूत ही ‘ज’वाल्या फांदीतली, आणि तिथे या जागी नेहमी ‘स’ येतो, नऊ म्हणजे ‘तोगुस’. मग वासरातच ‘र’ कुठून आला? शेजारच्या मंगोल बोलीतून आलेला असणार. जो माझा सगळ्यात मोठा पुरावा होता तो पुरावाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक ओळीला मी एकच विचारतो: या भाषेत या जागी घरचा आवाज कोणता? तो नसेल तर पाहुणा.

पायरी ७: लिखित पुरावा, आणि तारा कुठे लावायचा

तारा म्हणजे ‘हे कुणी लिहून ठेवलेलं सापडलेलं नाही, आपण काढलंय’. बस एवढंच. लिहिलेल्या जुन्या शब्दाला तारा लावायचा नाही, आणि काढलेल्याला लावायला विसरायचं नाही. ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

वासराचा शब्द लिहिलेला सापडतो महमूद अल-काश्गरीच्या तुर्किक-अरबी कोशात, इ.स. १०७० च्या दशकातला, ‘बुजागु’ असा. शिवाय त्याने एक म्हण दिलीय, ती मला फार आवडते:

‘ओक्युज आधाकी बोल्गिन्चा बुजागु बाशी बोल्सा येग.’

बैलाचा पाय होण्यापेक्षा वासराचं डोकं झालेलं बरं. हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि दुखणं तेच, मोठ्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा आपलं छोटं असलेलं बरं.

तर ‘बुजागु’ला तारा नाही, कारण काश्गरीने लिहिलंय. आपण काढलेलं रूप: *बुऱागु. पहिला ‘ब’, मधला खास ‘ऱ’, शेपटात ‘ग’, पहिला स्वर ‘उ’. ‘ज’वाली बाजू घेतलीत तर *बुजागु, आणि मग ते काश्गरीच्या शब्दासारखंच दिसतं, तरी तारा लागतोच, कारण ते त्याच्यापेक्षा कितीतरी जुन्या भाषेचं आहे.

चेक: तक्त्यातला तारा असलेला प्रत्येक शब्द वाचा आणि विचारा, हा कुणी लिहिलाय का? लिहिलेला असेल तर तारा काढा.

पायरी ८: तीच पद्धत शेजारच्या जनावरावर चालवून बघा

एका शब्दावर जमलं म्हणजे जमलं असं नाही. म्हणीतला ‘ओक्युज’ घ्या, बैल. तुर्की ‘ओक्युज’, कझाक ‘ओगिज’, तातार ‘युगेज’, उझबेक ‘होकिज’, चुवाश ‘वकर’, हंगेरियन ‘ओकोर’, मंगोलियन ‘उखेर’. परत ज-र. आणि याकूत? ‘ओगुस’. शेवटी ‘स’, म्हणजे घरचा! वासरात पाहुणा आणि बैलात घरचा, एकाच भाषेत. अर्थ पण बघा, मंगोलियन ‘उखेर’ म्हणजे एकूण गुरं, चुवाश ‘वकर’ म्हणजे वळू, आणि तुर्कीत ‘ओक्युज’ ही शिवी पण आहे, आपण ‘बैल आहेस’ म्हणतो अगदी तशी.

सावधान: इथे संस्कृत येणाऱ्या माणसाचे डोळे चमकतात, ‘उक्षन्‌’! बैल! चमकू द्या, पण तक्त्यात टाकू नका. ‘उक्षन्‌’ची भावंडं म्हणजे इंग्रजी ‘ऑक्स’ आणि आज मेलेल्या तोखारियन भाषेतला ‘ओक्सो’, आणि तुर्किक लोकांनी हा शब्द तोखारियनकडून घेतला असावा असा एक तर्क आहे, सगळ्यांना पटलेला नाही. तो खरा निघाला तरी ‘ओक्युज’ संस्कृतातून आला असं होत नाही. शेरा कॉलममध्ये एक ओळ, बास.

आता म्हणीतला आणखी एक शब्द तुमच्यासाठी ठेवतो, ‘आधाक’, पाय. तुर्की ‘आयाक’, खकास ‘अजाख’, याकूत ‘अताख’, चुवाश ‘उरा’. चुवाशमध्ये परत ‘र’ दिसला म्हणून लगेच ‘ऱ’ लिहाल, तर आधी वरच्या ओळी बघा, तुर्कीत इथे ‘ज’ नाही, ‘य’ आहे, आणि याकूतमध्ये ‘स’ नाही, ‘त’ आहे.